ट्यूबलाइटची रेघ

चष्मेवाले सकाळी उठले की चहाच्या आधी विमानाच्या पंखाला गाल लावत. घरामागच्या शेडमध्ये छताला एकापुढे एक अशा लांबच लांब ट्यूबलाइट टांगलेल्या होत्या. आधी पंखावरून ओलं फडकं फिरवायचं, मग पाणी वाळायच्या आत वाकून, एक डोळा मिटून बघायचं. ओल्या पंखात ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटायची. ती रेघ पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत सरळ जावी, एवढीच त्या गृहस्थांची आयुष्याकडून अपेक्षा उरली होती. पण ती कुठेतरी अंमळ वाकायचीच. मग चष्मेवाले कंबर धरून सरळ व्हायचे आणि म्हणायचे, "अजून एक हात."

"चहा गार होतोय," शिट्टीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायच्या.

"एकच हात गं. हा शेवटचा."

असे कितीतरी शेवटचे हात त्या पंखावर एकावर एक बसले होते.

चष्मेवाल्यांचा मूळ धंदा नावातच आला. उभा जन्म त्यांनी चष्म्याच्या काचा घासल्या. काचेवरचा केसाएवढा ओरखडाही त्यांच्या बोटाला कळायचा आणि तो गेल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागायचं नाही. शिट्टीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांनी शहरातल्या पोहण्याच्या तलावावर दोन पिढ्या पाण्यात उतरवल्या होत्या. निवृत्त झाल्या तरी शिट्टी गळ्यातच राहिली. अजूनही बाजारात त्यांनी सहज शिट्टी फुंकली, तर बँकेचा मॅनेजर आणि केस कापणारा दोघंही एकदम जागच्या जागी थबकायचे. दोघांनाही बाईंनी एकेकाळी तलावाच्या काठावरून पाण्यात ढकललेलं होतं.

दुकान विकल्यावर चष्मेवाल्यांनी एक दिवस कागदांची भलीमोठी गुंडाळी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. घरी बांधायच्या विमानाचे आराखडे होते ते. शिट्टीबाईंनी चष्मा लावून सगळे कागद नीट पाहिले आणि विचारलं, "दुसरा माणूस कुठे बसतो?"

"दुसरा माणूस नाहीये यात. एका माणसाचं विमान आहे."

"असं का? मग एका माणसाने स्वतःचा स्वयंपाकही करावा. आणि दुसरा माणूस शेड रिकामी करून देणार नाही."

दुसऱ्या आठवड्यात दोन माणसांच्या विमानाचे आराखडे आले. त्यातल्या उजवीकडच्या खुर्चीवर शिट्टीबाईंनी पेन्सिलीने एक छोटीशी शिट्टी काढली आणि विषय मिटला.

बाईंना त्या खुर्चीत बसून दूरदेशी वगैरे जायचं नव्हतं. त्यांना त्यांचा तलाव वरून बघायचा होता. सगळं आयुष्य त्यांनी तो काठावरून पाहिला, पाण्यात उतरून पाहिला, पाण्याखाली डोळे उघडे ठेवून पाहिला. वरून मात्र कधीच नाही. विमानात त्या जन्मात बसल्या नव्हत्या. तलावाच्या तळाशी रंगवलेल्या काळ्या पट्ट्या वरून सरळ दिसत असतील का आणि मुलं केवढी दिसत असतील, हे प्रश्न त्यांना भांडी घासताना पडत, आणि पडले की त्या एकट्याच हसत.

आता विमान बांधायचं कसं, तर ते ऐकायला सोपं आणि करायला नाकी नऊ आणणारं काम होतं. फोमचे ठोकळे गरम तारेने कापून पंखाचा आकार काढायचा. त्यावर काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड अंथरायचं, ते रेझिनमध्ये भिजवायचं आणि वाळू द्यायचं. वाळलं की असं टणक होतं की त्यावर माणूस उभा राहावा. पण दिसतं गोणपाटासारखं, कापडाची वीण तशीच्या तशी उठून आलेली. ती वीण बुजवायला मग रेझिनमध्ये काचेची पोकळ भुकटी मिसळून पुट्टी करायची. भुकटी इतकी हलकी, की डबा उघडताना कोणी शिंकलं तर अर्धी हवेत. ही पुट्टी सगळीकडे ओढायची, वाळली की लांब फळीला पॉलिश पेपर लावून तिरकं घासायचं, आधी या बाजूने, मग त्या बाजूने. जेवढी लावली त्यातली बहुतेक घासूनच काढायची. वीण बुजली, कापडाचा धागा नुसता दिसायला लागला की हात थांबवायचा. धागा कापला गेला तर पंखाची ताकद गेली आणि पुट्टी जास्त राहिली तर नुसतं वजन. उलटाच कारभार सगळा. बाईंना तो पहिल्या दिवशीच कळला होता. चष्मेवाल्यांनाही कळला होता, म्हणून तर पुढचा प्रकार बाईंच्या ध्यानात यायला उशीर लागला.

तो प्रकार दिरांनी उघडकीला आणला. चष्मेवाल्यांचे धाकटे भाऊ शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर विमानांचे मेकॅनिक होते. मोठ्याने बोलायचे, त्याहून मोठ्याने हसायचे आणि वहिनींची थट्टा हा आपला जन्मसिद्ध हक्क समजायचे. विमानाला पंख जोडून झाले, तेव्हा एका रविवारी ते तीन सपाट वजनकाटे घेऊन आले. शेडपुढच्या फरशीवर विमानाची तीन चाकं तीन काट्यांवर चढवली. चष्मेवाले ओलं फडकं घेऊन बाजूला उभे. वजन करायलाही विमान पुसून द्यावं, असा त्यांचा बेत दिसत होता.

दिरांनी तिन्ही काटे वाचले. मग पुन्हा वाचले. मग कागदावर बेरीज केली आणि हसायचे थांबले.

"दादा, किती पुट्टी चोपडलीस रे याच्यावर?"

"का? वीण बुजेल एवढी."

"वीण? अरे, एवढ्यात विहीर बुजेल!" दीर वहिनींकडे वळले. "वहिनी, विमानाने एकूण किती वजन उचलायचं ते आराखड्यात ठरलेलं असतं. त्यातून विमानाचं वजा करा, दादाचं वजा करा, पेट्रोलचं वजा करा. राहिलं ते उजव्या खुर्चीचं."

"मग राहिलं किती?"

"पंचावन्न किलो."

शिट्टीबाईंचं वजन बहात्तर किलो होतं आणि ते त्यांनी कधी कोणापासून लपवलं नव्हतं. त्यातलं निम्मं खांद्यांत आहे, असं त्या अभिमानाने सांगत.

"म्हणजे मी बसत नाही," बाई म्हणाल्या.

"कंबरेपर्यंत बसता," दीर म्हणाले. पण थट्टा त्यांच्याच तोंडात वाळली, कारण वहिनींचा चेहरा खरोखर उतरला होता. बाई विमानाच्या उजवीकडच्या खुर्चीकडे बघत होत्या. तिची गादी त्यांनी स्वतः शिवली होती, निळ्या कापडाची, तलावाच्या पाण्याच्या रंगाची.

अशा वेळी शहाण्या नवऱ्याने मूग गिळून गप्प बसावं. चष्मेवाले बोलले.

"मी काय म्हणतो, तू जर संध्याकाळचं जेवण थोडं..."

दीर लगबगीने वजनकाटे उचलायला लागले.

शिट्टीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. खोल पाण्याच्या काठाला चिकटून बसलेल्या मुलाकडे बघावं तसं. "माझ्या पोटावर माझा जेवढा जीव आहे, तेवढाच त्या खुर्चीवर आहे," त्या म्हणाल्या. "मी बारीक होणार नाही. हे विमान होईल. पंख उतरवा."

"अगं, पण आता कुठे रेघ सरळ व्हायला आली..."

बाईंनी शिट्टी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. पलीकडच्या गल्लीत कोणाची तरी सायकल करकचून थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले शेडमध्ये गेले तेव्हा उजव्या पंखापाशी शिट्टीबाई आधीच उभ्या होत्या. पोहण्याची टोपी कानांवर ओढलेली, नाकातोंडावर धुळीचा मास्क, हातात दोन हात लांबीची फळी. फळीला जाडाभरडा पॉलिश पेपर त्यांनी घट्ट चिकटवला होता. पंखावर त्यांनी आधी काळ्या भुकटीचा पातळ थर पुसून घेतला. घासताना काळं जिथे जाईल तो उंचवटा, जिथे राहील तो खळगा, हे त्यांनी चष्मेवाल्यांनाच इतकी वर्षं करताना पाहिलं होतं. फरक एवढाच, की चष्मेवाले खळगा दिसला की भरायचे. बाईंनी उंचवटे उतरवायला सुरुवात केली.

आणि काय घासलं त्यांनी! ते खांदे उगाच नव्हते. एक हात पुढे, एक मागे, कंबरेतून लय, श्वास लयीत, तिरकं जायचं, तिरकं यायचं. पांढरी धूळ पिठासारखी खाली पडायला लागली. मध्येच थांबून त्या पातळ रुमाल तळहाताखाली धरून पंखावरून फिरवायच्या. रुमाल मध्ये असला की उंचसखल जास्त कळतं, ही चष्मेवाल्यांचीच युक्ती. दुपारपर्यंत पुट्टीखालून कापडाची वीण झिरझिरीत दिसायला लागली. बाईंनी शिट्टी फुंकली आणि फळी उचलली. धाग्याला धक्का नाही.

"बघा," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी रुमाल घेऊन हात फिरवला. कुठे नाव ठेवायला जागा मिळते का, ते शोधत राहिले. मिळाली नाही. "बरं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढण्यासारखं होतं, पण वजनाचा विषय असल्याने बाईंनी तसं बोलून दाखवलं नाही.

झाडलेली धूळ त्यांनी पोत्यात भरली, पोतं काखेत मारलं आणि न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मग पोतं खाली ठेवून पुन्हा उभ्या राहिल्या. "अहो! माझी मांडी बसली खुर्चीत!" त्या आतून ओरडल्या.

मग घराला हा नादच लागला. रोज संध्याकाळी पोत्याचं वजन व्हायचं आणि बाई जाहीर करायच्या, आज उजवा हात बसला, आज खांदा बसला. दीर कामावरून परस्पर यायचे आणि दारातूनच विचारायचे, "वहिनी, कुठवर आलात?" एकदा त्यांनी स्वतः तासभर घासून पाहिलं, धापा टाकत खाली बसले आणि म्हणाले की वहिनींचं डोकं तेवढं विमानाबाहेर राहिलं तर हवेला काही फारसा त्रास होणार नाही. त्या दिवशी ते न जेवता घरी गेले. म्हणजे त्यांना जेवायला वाढलंच नाही.

चष्मेवालेही हळूहळू घासायला लागले. आधी नाखुशीने, मग मन लावून. दोघं पंखाच्या दोन बाजूंना उभे राहून समोरासमोर फळ्या चालवायचे. हात एका लयीत पडायला लागले की बाई मोजणी सुरू करायच्या, तलावावर करायच्या तशी, आणि चष्मेवाले तिसऱ्या आकड्याला हमखास चुकायचे. त्यांच्या भुवया पांढऱ्या, बाईंच्या पापण्या पांढऱ्या. मास्क काढले की दोघांच्याही तोंडावर मास्कच्या आकाराचा तेवढाच माणसाचा रंग. एकमेकांकडे बघून ते इतके हसायचे की पुन्हा धूळ उडायची. बाईंना वाटलं, आपल्या नवऱ्याला लहानपणी पोहायला कोणी शिकवलं असतं, तर हा माणूस असाच हसला असता.

एकच गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. उजवा पंख झाला, विमानाचं पोट झालं, शेपूट झालं. डाव्या पंखाची पाळी आली, की चष्मेवाल्यांना काहीतरी सुचायचं. आज जरा दमट आहे. आज डाव्या पंखाचे स्टँड डगमगतात. शेवटी ते म्हणाले, "डाव्या पंखाचा मुळाकडचा भाग मी बघतो. तू टोकाकडून ये."

"का?"

"तिथे जरा नाजूक आहे."

दोन पिढ्यांची मुलं बाईंना पोटदुखीची कारणं सांगून थकली होती. खोटं बोलणारा माणूस बाईंना मान फिरवण्याआधीच कळायचा. दुपारी त्यांनी चष्मेवाल्यांना बारीक पॉलिश पेपर आणायला बाजारात पाठवलं आणि फळी घेऊन सरळ डाव्या पंखाच्या मुळापाशी गेल्या.

पुट्टी संपेना. दुसरीकडे नखाएवढी जाड होती, इथे त्याच्या दुप्पट. बरं, एकाच जागी जाड असती तर एक वेळ समजलं असतं. ती चारी बाजूंना लांबवर उतरत गेली होती, इतकी हळूहळू की तळहाताला कळू नये, ट्यूबलाइटला कळू नये. बाईंनी फळी ठेवली, लहान ठोकळा घेतला आणि जपून घासत राहिल्या. पुट्टीखालून कापडाची वीण वर आली. पण आडव्या धाग्यांवर तिरके धागे. तळहाताएवढं एक ठिगळ. नीट कापलेलं, कडा उतरत्या घासलेल्या, चारही कोपरे गोल केलेले. चष्म्याची काच जितक्या मायेने करतात तितक्या मायेने केलेलं ठिगळ.

बाई मागे सरकल्या आणि सगळा पंख एका नजरेत बघितला. तेव्हा त्यांना ते कळलं. हे ठिगळ पंखाहून जरासं उंच होतं आणि ते घासून खाली आणता येत नव्हतं, कारण त्याचे धागे कापले तर डागडुजीच वाया. मग त्या पठ्ठ्याने ठिगळ खाली आणायचं सोडून सगळा पंखच वर आणला होता.

चष्मेवाले पॉलिश पेपर घेऊन आत आले ते दारातच थांबले.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"ते होय... ते जुनं आहे."

"कधीचं जुनं?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला. "तुझा तलावावरचा शेवटचा दिवस आठवतो? मुलांनी तुला तो कप दिला होता. दगडी बैठकीचा."

आठवत नसायला काय झालं? तो कप दिवाणखान्यातल्या कपाटावर होता आणि बाई त्यावरची धूळ रोज पुसत होत्या. त्या संध्याकाळी त्या घरात न जाता सरळ शेडमध्ये धावल्या होत्या. कप दाखवायला. एवढी मुलं आली होती, एवढी मोठी मोठी माणसं रडली होती. हे सगळं हातवारे करून सांगायचं म्हणून त्यांनी कप समोरच्या नव्या कोऱ्या पंखावर ठेवला होता. मग तो कलंडला होता. ठक्कन आवाज आला होता.

"तुम्ही म्हणालात, काही झालं नाही. चल आत, चहा कर, सगळं नीट सांग."

"हो."

"आणि झालं होतं."

"भोकच पडलं होतं," चष्मेवाले म्हणाले. "बैठकीचा कोपरा आरपार फोममध्ये गेला. तू आत गेलीस आणि मी त्यावर फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी तू झोपेतून उठायच्या आत कापून ठिगळ लावलं. अगं, तुझा तो दिवस होता. त्या दिवशी काय सांगायचं? आणि त्या दिवशी नाही सांगितलं, मग पुढे काय म्हणून सांगायचं? म्हटलं, थोडी पुट्टी लावली की दिसणार नाही. पण तू रोज चहाचा ट्रे घेऊन शेडमध्ये येणार, रेघेकडे बघणार. रेघ तिथे उडी मारायची. मग मी आजूबाजूला भरत गेलो."

"सगळा पंख?"

"डावा पंख तसा झाल्यावर उजवा तसाच नको? तोल जाईल ना! आणि दोन्ही पंख तसे झाल्यावर मधलं पोट खोलगट दिसायला लागलं."

शिट्टीबाईंनी पांढऱ्या भुवया उंचावल्या. म्हणजे त्यांची खुर्ची कोणी खाल्ली होती? त्यांच्याच कपाने. आणि दोन वर्षं रोज सकाळी ज्याला त्या मनातल्या मनात चक्रम, हट्टी, काचघाश्या म्हणत आल्या, तो माणूस पंखाला गाल लावून, आज हिला दिसेल का, एवढंच बघत होता. त्यांना एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरच्या धुळीत दोन ओहोळ झाले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"वेडे आहात का हो तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतंत तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला कापड कापून दिलं असतं."

"तेच म्हणतो मी. दोन दिवस रडली असतीस."

बाईंनी पुढे होऊन नवऱ्याच्या हातातला पॉलिश पेपर घेतला, त्याचा चष्मा त्याच्या नाकावर नीट बसवला आणि क्षणभर हात तिथेच ठेवला.

"आता ऐका. हा पंख आपण उजव्यासारखा उतरवायचा. ठिगळ आहे तिथे राहील. रेघ तिथे उडी मारेल, तर मारू दे."

चष्मेवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर काच घासलेला माणूस, आणि बायको सांगते, उडी मारू दे. "थोडंसं," ते म्हणाले, "अगदी कडेकडेने जर एक हात..."

"श्वास सोडा," बाई म्हणाल्या. तलावाच्या कठड्याला घट्ट धरून बसलेल्या प्रत्येक मुलाला त्यांनी हेच सांगितलं होतं. श्वास सोडला की हात आपोआप सुटतो. "सोडा म्हणते ना."

चष्मेवाल्यांनी श्वास सोडला. मग फळी उचलली, पंखाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि बाईंनी मोजायला सुरुवात केली.

पुढचं सगळं भराभर झालं, निदान त्यांना तसं वाटलं. घासलेल्या अंगावर दोघांनी नुसतं रेझिन रबरी पट्टीने ओढलं, इतकं पातळ, की टाचणीच्या टोकाएवढी भोकं बुजावीत आणि वर काही उरू नये. ते वाळलं की बारीक पेपर, मग प्रायमर, मग पांढरा रंग. रंगाच्या दिवशी दीर हातात पंप घेऊन नवरदेवासारखे ऐटीत उभे राहिले आणि दोघांना शेडबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा विमान दुधासारखं दिसत होतं. आता फडकं ओलं करायची गरज नव्हती. ट्यूबलाइटची रेघ उजव्या पंखावरून सरळ गेली. डाव्या पंखावर मुळापाशी तिने एक छोटीशी उडी मारली आणि पुढे सरळ गेली. चष्मेवाल्यांनी ती उडी पाहिली आणि चहा प्यायला आत गेले.

रविवारी वजनकाटे पुन्हा आले. दिरांनी आकडे लिहिले, बेरीज केली, वजाबाकी केली. मग तोंड पाडून वहिनींसमोर उभे राहिले.

"सांगा हो भाऊजी."

"काय सांगू, वहिनी. दुसरी सोयरीक बघायला हवी तुम्हाला. खुर्ची म्हणते, मला चौऱ्याहत्तर किलोपर्यंत चालेल, आणि तुम्ही..."

पुढचं ऐकायला बाई तिथे नव्हत्याच. त्या न्हाणीघरातल्या काट्यावर धावल्या होत्या. इतके दिवस फळ्या चालवून आणि दोन्ही वेळा पोटभर जेवून त्यांचे खांदे आणखी भरले होते. काटा बहात्तरच्या पुढे गेला, त्र्याहत्तरवर जाऊन थरथरला आणि थांबला. बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून बघितली, परत घातली. शिट्टीसकट बसत होत्या. त्यांनी ती जोरात फुंकली, आणि बाहेर दोन्ही भावांनी, का ते न कळता, हात वर केले.

आधी परीक्षा करणाऱ्या वैमानिकाने विमान उडवून पाहिलं. मग चष्मेवाल्यांनी एकट्याने नेमून दिलेले तास पुरे केले. तोपर्यंत बाई धावपट्टीच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून राहायच्या आणि प्रत्येक वेळी विमान टेकेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी दिरांनी एका स्वच्छ सकाळी उजवीकडचं दार उघडलं आणि कमरेत वाकून म्हणाले, "चला, वहिनी. अख्ख्या या."

बाई निळ्या गादीवर बसल्या. पट्टा आवळला. विमान धावपट्टीवरून खडखडत निघालं, मग खडखड अचानक थांबली आणि बाईंना वाटलं, इंजिन बंद पडलं. पण थांबली होती ती जमीन. पहिल्यांदा पाण्यावर पाठ टेकून तरंगणाऱ्या मुलाचे डोळे जसे होतात, तसे त्यांचे डोळे झाले. इतकी वर्षं त्यांनी ते डोळे काठावरून पाहिले होते.

शहराच्या कडेने चष्मेवाल्यांनी विमान डावीकडे वळवलं, डावा पंख खाली केला आणि तिथे, पंखाच्या पुढे, तलाव होता. केवढासा. निळा, तळहाताएवढा, तळाच्या काळ्या पट्ट्या अगदी सरळ. काठावर मुलांचे ठिपके रांगेत उभे होते, कोणाची तरी वाट बघत. बाईंना राहवलं नाही. त्यांनी शिट्टी फुंकली. त्या एवढ्याशा केबिनमध्ये ती अशी घुमली, की चष्मेवाल्यांनी दचकून दोन्ही हातांनी दांडा धरला. आणि योगायोग असेल, खाली नव्या बाईंनीही फुंकली असेल, पण त्याच क्षणी ठिपक्यांची अख्खी रांग पाण्यात पडली. बाई हसत होत्या, रडत होत्या आणि नवऱ्याचा दंड थोपटत होत्या.

"अहो, बघा ना, तुमच्या पंखाकडे बघा!"

वळताना डाव्या पंखावर उन्हाची एक लख्ख रेघ उतरली होती. टोकाकडून ती सरळ आली, मुळापाशी तिने एक छोटीशी उडी मारली आणि विमानाच्या पोटाला येऊन टेकली. चष्मेवाल्यांनी ती पाहिली. तोच पंख खाली ठेवून त्यांनी तलावाला आणखी एक फेरा घातला.

विमान उतरलं. दीर टाळ्या वाजवत पुढे आले. चष्मेवाले खाली उतरून पंखाच्या मागे गेले आणि सवयीने त्यांचा तळहात मुळापाशी गेला, त्या उंचवट्यावर. रुमालसुद्धा मध्ये नव्हता. ते बराच वेळ तिथे हात फिरवत राहिले. बाई आपल्या खुर्चीतून सगळं बघत होत्या. त्यांनी हळूच शिट्टी ओठांशी नेली. हा माणूस आता काय म्हणणार, ते त्यांना तोंडपाठ होतं.

"अजून एक..." चष्मेवाले म्हणाले आणि थांबले. मग मान वर करून बायकोकडे पाहिलं. भुवयांत पुट्टीचा एक पांढरा कण अजून अडकलेला होता. "अजून एक चक्कर मारायची?"

बाईंनी शिट्टी खाली सोडली. पट्टा त्यांनी सोडलाच नव्हता.